भंडारा जिल्ह्यातला समुद्र

साताऱ्याहून भंडाऱ्याला समुद्र बघायला निघालेली मी बहुधा पहिलीच बाई. भूगोल शिकवणाऱ्या बाईनं असं वाक्य लिहू नये, हे मला कळतं. म्हणून आधी खुलासा करते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी माहितीपट दाखवत, आणि तेवढा वेळ लोक बाहेर शेंगदाणे खात उभे राहत. मला मात्र तेच आवडायचे. माझ्यासारखी आणखी दहा माणसं साताऱ्यात निघाली, याचं मला आजही नवल वाटतं. आम्ही शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये उसना प्रोजेक्टर लावून बसत असू. बांगड्यांच्या भट्टीवरचा माहितीपट, मधमाश्यांवरचा, डोंगरातल्या एका पोस्टमनवरचा. जो कुणी पाहिलेला नाही तो आधी, एवढाच आमच्या मंडळाचा नियम.

त्या वर्षी आमच्या शाळेत मोहाडीकडच्या कुसुमताई चित्रकला शिकवायला आल्या. एकदा मधल्या सुट्टीत त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडे दिव्याचा पिक्चर येतो ना! समुद्रातला दिवा, त्याचा राखणदार, त्याची बायको आणि एक बकरी. गाणं नाही, मारामारी नाही. पण धान कापून झालं की लोक त्याचीच वाट बघतात."

मी डबा तसाच ठेवला. दीपगृहावरचा माहितीपट, आणि तो समुद्रापासून इतक्या लांब, तळ्यांच्या जिल्ह्यात!

कुसुमताईंनी दिलेल्या पत्त्यावर तिथल्या एका शेतकी संघाला पत्र टाकलं. उलटटपाली दोन उत्तरं आली. पहिलं टाइप केलेलं, संघाच्या सेक्रेटरींचं. ही फिल्म खतांच्या फिल्मांच्या पार्सलातून चुकून आलेली असून ती कुणाची ते कळत नाही, तिचा शेतीशी संबंध नाही, तरी कोंढ्याच्या कार्यक्रमाला आपण स्वतः हजर राहून ती बंद करण्याविषयी निर्णय घेऊ, आणि बंद झाल्यास 'सदर रीळ आपल्या मंडळास देण्यास हरकत नाही'. दुसरं उत्तर म्हणजे ऑपरेटरचं पोस्टकार्ड. त्यात तीनच वाक्यं होती. 'या. गाडीत जागा आहे. पांघरूण आणा.'

मी पांघरूण घेतलं, आणि ती फिल्म एकदाची बंद पडावी अशी मनोमन प्रार्थना करत निघाले. खोटं कशाला सांगू?

नागपूरला गाडी बदलून सकाळी भंडारा रोडला उतरले. 'रोड' याचा अर्थ असा की इथून भंडाऱ्याला जाणारा रस्ता आहे; भंडारा नाही. स्टेशनाबाहेर संघाची निळी मेटाडोर उभी होती. तिच्यापाशी दोन माणसं होती. एक उंच, शिडशिडीत, गळ्याला मफलर गुंडाळलेले; ते ऑपरेटर सीतारामजी. दुसरे गोल, हसरे, स्टिअरिंगला झेंडूचं फूल बांधत होते. ते ड्रायव्हर गुलाबभाऊ.

"बाईजी, थकल्या असान," सीतारामजी म्हणाले. "आधी पोहे खा, मंग गोष्टी करू."

टपरीवाल्यानं पोह्यांची बशी पुढे धरून विचारलं, "सांबार टाकू का जी?"

पोह्यांवर सांबार! इडलीबरोबरची ती पातळ आमटी माझ्या डोळ्यांपुढे आली. "नको, नको," मी घाईघाईनं म्हणाले. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि उरलेल्या दोन बशांवर हिरवीगार कोथिंबीर भुरभुरली. तिकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. पुढचे तीन दिवस गुलाबभाऊ भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या बाईले सांबार चालत नाई." त्यामुळे मला कुठेही कोथिंबिरीचं पान दिसलं नाही.

पहिला मुक्काम आंधळगाव. वाटेत धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं) कापून मोकळ्या झालेल्या. मधूनमधून तळी, त्यांच्या पाळीवर मोहाची झाडं. गाव मोठं, बाजाराचं. दिवेलागणीला शाळेच्या भिंतीवर पांढरं कापड ताणलं, जनरेटर सुरू झाला आणि बघता बघता पटांगण भरलं. आधी खताची फिल्म झाली. ती चालू असताना लोक एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत होते. मग दुसरं रीळ चढलं आणि एकदम शांतता पसरली.

काळ्यापांढऱ्या लाटा. खडकावर उभा एक मनोरा. फिल्मच्या नावाची पाटी रिळातून कधीच तुटून गेलेली. आणि माझ्या कानावर मल्याळम भाषा पडली! दोन-तीन वाक्यंच, कारण सीतारामजींनी लगेच आवाजाचं बटण पिळून बंद केलं आणि मफलर सोडून माइक हातात घेतला.

"तं हा पाहा आपला लहानू," ते म्हणाले. "दिवेवाला. इथं तलावाच्या मधात राहते. एवढा मोठा तलाव का पल्याडची पाळ दिसत नाई. रातच्याले डोंगे (होड्या) दगडावर आपटू नाई म्हणून लहानू दिवा लावते. आता तो वर चढून राहिला. मोजा पायऱ्या!"

आणि अख्खं गाव मोजू लागलं. "एक, दोन, तीन..."

मी सुन्न झाले. मी पाचशे मैलांवरून एक शुद्ध माहितीपट बघायला आले होते, आणि हे गृहस्थ त्यावर चक्क आपलं कीर्तन चढवत होते. दीपगृहाचा राखणदार लहानू कसा असेल? त्याच्या बायकोचं नाव सगुणा कसं असेल? पण तलाव हा शब्द पाचव्यांदा आला तेव्हा माझ्यातली भूगोलाची बाई उभीच राहिली.

"अहो, हा तलाव नाही, समुद्र आहे! त्याला दुसरी पाळ नसते. आणि पाणी खारट असतं."

सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"खारं?" पुढे बसलेली एक आजी म्हणाली. "मंग त्या पाण्यावर धान कसे होईन?"

"होत नाहीत."

"मंग एवढं पाणी कायले ठेवलं?"

याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. मी खाली बसले. सीतारामजी माइकमधून शांतपणे म्हणाले, "बाईजी बरोबर सांगून राहिल्या. तलाव खारा हाय. म्हणून तं लहानूचं पेवाचं (प्यायचं) पाणी डोंग्यातून येते. आता पाहा, डोंगा येते का नाई."

होडी येते ती उसळत्या लाटांतून. राखणदार दोर फेकतो, दोर चुकतो, होडी परत फिरते. पटांगणभर एकच "अरारारा" झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा होडी, पुन्हा परत. घरात पीठ संपत आलेलं. बायको डबा उपडा करून झटकते आणि बकरीकडे बघते. "नाई! बकरी नाई!" पोरंटोरं ओरडली. तिसऱ्या दिवशी समुद्र शांत होतो, होडी लागते. पाण्याची पिंपं, पिठाचं पोतं, पत्रांचा गठ्ठा. राखणदार पत्र वाचत हसतो, का हसतो ते आपल्याला कळत नाही, आणि रात्री दिवा फिरू लागतो. बस, इतकंच.

रडत होते की काय कोण जाणे, पण मी चष्मा पुसला. फिल्म अप्रतिम होती. त्यामुळे सीतारामजींचा राग दुप्पट आला.

दुसरा मुक्काम बपेरा, पार मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ. तिथे आम्ही दुपारी पोचलो. गावात शिरताना गुलाबभाऊंनी भोंग्यावरून पुकारा केला, "या हो या! गाडी आली! ऑपरेटरसाहेब आले, संगं शहरातल्या बाईजी आल्या!"

घरांची दारं धडाधड बंद झाली. पारावरचे चार बापे उठले ते थेट नदीच्या दिशेनं. एक जण तर हजामाच्या पुढून अर्धी दाढी तशीच घेऊन पळाला. पाच मिनिटांत गावात बायका, म्हातारे आणि कोंबड्या एवढेच उरले.

"काय झालं?" मी विचारलं.

सीतारामजींनी कपाळाला हात लावला. "गुलाब, तुले किती खेपा सांगितलं, ऑपरेटर म्हणू नोको! त्यायले वाटलं ऑपरेशनवाले आले." मग माझ्याकडे बघून ओशाळले. "अन् संगं बाई, चष्मा, पिशवी... तुमी नर्सबाई दिसता जी."

नसबंदीच्या मोहिमा ओसरून फार दिवस झाले नव्हते. गावातली एक म्हातारी धीर करून दाराआडून म्हणाली, "बाई, आमच्या घरच्याचं मागंच झालं. दुसऱ्यांदा करत असान तं सांगा!"

मी पिशवीतून वह्या, कंगवा, पांघरूण असं सगळं ओट्यावर काढून दाखवलं. सुई नाही, कात्री नाही. तरी बापे येईनात. शेवटी गुलाबभाऊ भोंगा घेऊन नदीकाठी गेले आणि ओरडले, "अरे या ना, दिव्याचा पिक्चर हाय! लहानू हाय, बकरी हाय!" तेव्हा कुठे झुडपांतून एकेक डोकं वर आलं. अर्धी दाढीवाला सगळ्यात शेवटी आला आणि मी जिथे बसेन त्याच्या विरुद्ध टोकाला बसला.

त्या संध्याकाळी माझ्या शेजारी झिबलाजी नावाचे म्हातारे बसले होते. तळ्यात जाळं टाकण्यात त्यांचा जन्म गेलेला. फिल्म चालू असताना ते मला कोपरानं ढोसत होते.

"बाईजी, या तलावाचा तुडूम (पाणी सोडायची मोरी) कुठी हाय?"

"समुद्राला तुडूम नसतो, झिबलाजी."

"नसते कसा? पाणी सोडत कोठून असतीन?"

"सोडतच नाहीत. नद्या सगळं पाणी आणून त्यात टाकतात."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे आपली वैनगंगाबी?"

"हो. शेवटी तीही."

"मंग तं त्यात आपलंबी पाणी हाय," झिबलाजी म्हणाले आणि मागे वळून सगळ्यांना ओरडून सांगितलं, "अरे, लहानूच्या तलावात आपलं पाणी हाय रे!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. सीतारामजींनी ते वाक्य तिथल्या तिथे उचललं. "ऐकलं का? आपल्या वैनगंगेचं पाणी वायतं वायतं (वाहत वाहत) लहानूपाशी पोचलं." मी वीस वर्षं मुलींना नद्यांचा उगम आणि मुख शिकवत होते. एकीनंही कधी टाळी वाजवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिबलाजींच्या घरी भात आणि तळ्यातल्या मासोळीचा लाल रस्सा जेवून आम्ही कोंढ्याच्या लांबच्या वाटेला लागलो. गाडीत मला चैन पडेना. सीतारामजींच्या घशातून आता शब्दांऐवजी शिटी येत होती. दोन रात्री जनरेटरच्या वरताण ओरडल्याचा तो परिणाम. मीठ-हळदीच्या गुळण्यांनीही फरक पडला नाही.

"सीतारामजी," मी म्हणाले, "कोंढ्याला सेक्रेटरीसाहेब का येणार आहेत, माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. माहीत होतं.

"फिल्म बंद झाली तर ती मला मिळणार आहे. तसं पत्र आहे माझ्याकडे. म्हणून मी आले."

गुलाबभाऊंनी गाडी एकदम हळू केली. सीतारामजींनी मफलर घट्ट गुंडाळला. मग शिटीसारख्या आवाजात म्हणाले, "तुमच्याकडं बरी राहीन ना जी ते? तेल लावा लागते डब्याले. गंज पकडते."

ते चिडले असते तर बरं झालं असतं.

कोंढ्याचा कार्यक्रम दुपार कलतानाच होता, कारण सेक्रेटरींना संध्याकाळची पवनीची एसटी धरायची होती. राइस मिलचं गोदाम निवडलं होतं. खिडक्यांना पोती लावून अंधार केला, लोक धानाच्या पोत्यांवर चढून बसले. सेक्रेटरी कडक इस्त्रीच्या सफारीत आले, एकुलत्या एका खुर्चीवर बसले आणि वही उघडली. खताची फिल्म झाली. मग दुसरं रीळ चढलं, सीतारामजींनी माइक तोंडाशी नेला, आणि आवाज आलाच नाही. हवा तेवढी आली.

पडद्यावर लाटा. गोदामात कुजबुज. सेक्रेटरींनी वहीत काहीतरी लिहिलं. मी गप्प बसले असते तर अर्ध्या तासात ते रीळ माझं होतं. हे मला तेव्हाही स्पष्ट कळत होतं.

मी उठले आणि माइक घेतला.

"प्रेक्षकहो," मी म्हणाले, "समोर जे दिसत आहे ते एक दीपगृह होय. सागरी वाहतुकीस मार्गदर्शन करण्याचे कार्य..."

"हे कोण बोलून राहिली?" वरच्या पोत्यांवरून कुणीतरी विचारलं.

"लहानू कुठी हाय?"

"हा पाहा लहानू," मी सावरत म्हणाले. "तो आता... वर चढून राहिले."

गोदाम हसण्यानं दणाणलं. एका थोराड बाईनं पुढे येऊन माझ्या हातातून माइक हलकेच काढून घेतला. कौसाबाई त्यांचं नाव. मिलमध्ये धान पाखडायचं काम करायच्या. "बसा बाई तुमी. घामाघूम झाल्या," त्या म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या. "लहानू वर चढून राहिला. मोजा रे!"

मग सगळं गोदामच बोलू लागलं. पायऱ्या सगळ्यांना पाठ, सगुणेचं बोलणं बायकांना पाठ. काचा पुसताना ती नवऱ्याला काय बोलते ते तर सीतारामजींनीही कधी ऐकलं नसेल, कारण त्यांनी खाली मान घातली.

"शांतता!" सेक्रेटरी उभे राहिले. "मला एवढंच सांगा, या फिल्ममध्ये खत कुठं आहे?"

पोत्यांवर चुळबुळ झाली. मग मागून आवाज आला, "बकरी हाय ना जी! लेंडीखत!"

सेक्रेटरी खाली बसले. वही मिटली नव्हती, पण पेनाला टोपण लागलं. होडी पहिल्या दिवशी परत फिरली, ते खुर्चीत पुढे सरकले. दुसऱ्या दिवशी परत फिरली, त्यांच्या तोंडून "अरे!" निघालं. तिसऱ्या दिवशी समुद्र शांत झाला, होडी जवळ आली, राखणदारानं दोर भिरकावला, आणि प्रोजेक्टरचा दिवा गेला.

मिट्ट अंधार. सुटा दिवा मेटाडोरमध्ये होता आणि मेटाडोर घेऊन गुलाबभाऊ डिझेल आणायला गेले होते.

खिडकीवरचं एक पोतं काढलं. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. एसटीला वीस मिनिटं होती. ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले.

"होडी लागते ना पण?" त्यांनी कौसाबाईंना विचारलं.

"पाहा ना जी," कौसाबाई म्हणाल्या.

त्यांनी पोत्यांवरच्या माणसांकडे पाहिलं. शंभरेक लोकांना शेवट माहीत होता, एकानंही तोंड उघडलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही तरी..."

"सांगून मजा जाईल," मी म्हणाले. आणि माझं रीळ गेलं, हे मला त्याच क्षणी कळलं.

बाहेर एसटी आली, भोंगा वाजवून थांबली आणि निघून गेली. सेक्रेटरी खुर्ची सोडून एका पोत्यावर बसले. कुणीतरी त्यांच्या हातात मुरमुरे आणि चहा दिला. गुलाबभाऊ पाऊण तासानं आले. दोर होडीतल्या माणसाच्या हाती लागला तेव्हा सफारीतले सेक्रेटरी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्यांनी अहवालात एकच ओळ लिहिली. 'कार्यक्रम उपयुक्त. चालू ठेवावा. सुटा दिवा ऑपरेटरने स्वतःजवळ बाळगावा.'

लोक गेल्यावर मी सीतारामजींना एक विनंती केली. रीळ पुन्हा लावा आणि आवाजाचं बटण सोडा. ते आधी तयार होईनात. "त्यातली भाषा कोणाले समजत नाई" म्हणाले. पण लावलं. मल्याळम निवेदक थोडं बोलायचा आणि मग बराच वेळ गप्प राहायचा. त्या मधल्या वेळात नुसत्या लाटा होत्या. खडकावर आपटणाऱ्या, ओढल्या जाणाऱ्या, पुन्हा येणाऱ्या. रिकाम्या गोदामात तो आवाज चारी भिंतींना लागून फिरत होता.

सीतारामजी प्रोजेक्टरवर हात ठेवून उभे होते. इतकी वर्षं तो आवाज त्यांनी बंद करून ठेवला होता.

"असा आवाज करते?" ते अखेर पुटपुटले. "दिवसरात?"

"दिवसरात."

"अन् लहानू झोपते कसा?"

दुसऱ्या दिवशी मला स्टेशनवर सोडताना त्यांना जरा आवाज फुटला होता. आता मधूनमधून आपण गप्प राहू, म्हणाले; पाण्यालाही बोलू देऊ.

साताऱ्याला परत आल्यावर मंडळानं मला फैलावर घेतलं. इतक्या लांब जाऊन रीळ का आणलं नाही? एखादी चांगली गोष्ट सापडली की ती उचलून घरी आणावी, अशी आम्हा शोधणाऱ्यांना सवय असते. पण ती फिल्म आमच्या हॉलमध्ये लावली असती तर आम्ही अकरा जणांनी ती मान डोलवत पाहिली असती, छायाचित्रणाची तारीफ केली असती आणि चहा प्यायला असता. पायऱ्या कुणी मोजल्या नसत्या.

वर्षअखेरीला आम्ही आवर्जून पाहावेत अशा माहितीपटांची यादी हातानं लिहून काढत असू. त्या वर्षी ती माझ्याकडे होती. रकाने ठरलेले होते. नाव: माहीत नाही. दिग्दर्शक: माहीत नाही. भाषा या रकान्यात मी 'झाडीबोली' (भंडाऱ्याकडची बोली) असं लिहिलं. मंडळाच्या चिटणीसांनी त्यावर प्रश्नचिन्ह काढलं, ते मी खोडलं. शेवटचा रकाना होता, 'कुठे पाहायला मिळेल'. तिथे लिहिलं: कोंढा, जिल्हा भंडारा, धानाची कापणी आटोपल्यावर. जरा लवकर जावं. वरची पोती आधी भरतात.